सर आता फक्त चिनी बोलतात

"भाऊजींना मी ढकललं नाही," दारात उभी असलेली बाई म्हणाली. "पण ते तसं सांगताहेत."

आत चहा गाळणारे दीर दचकून बाहेर आले. या घरात भाऊजी म्हणजे ते एकटेच, आणि त्यांना कुणी ढकललं नव्हतं.

"तुम्ही नाही हो," वहिनी हसू दाबत म्हणाल्या. "यांच्या बहिणीचे यजमान असणार."

वहिनींची उमेदीची वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात गेली होती. आता त्या घरातल्या पुढच्या खोलीतून खासगी तपास करत. दीर दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद केल्यापासून ते वहिनींच्या मदतीला येत. मदत म्हणजे चहा करणं, गाडी चालवणं आणि चुकीच्या माणसावर संशय घेणं.

बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि सांगू लागल्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने एका चिनी विद्वानाशी लग्न केलं होतं. ते तरुणपणी इथे विद्यापीठात शिकवायला आले आणि इथलेच झाले. सगळे त्यांना सर म्हणत. चिनी वाक्य इंग्रजीत आलं की त्यातलं काय गळतं आणि काय नव्याने चिकटतं, हा त्यांच्या आयुष्यभराच्या संशोधनाचा विषय. बहीण वारल्यावर बाईंनीच घर सांभाळलं. सरांच्या मुलाच्या त्या मावशी, म्हणून गल्लीतही सगळे त्यांना मावशीच म्हणत.

घरात बोलणं इंग्रजीत चाले. आपली भाषा सरांना बाजारहाटापुरतीच येई.

"आणि इंग्रजी तरी कसली," मावशी म्हणाल्या. "एवढे विद्वान, पण दमले की इंग्रजीत माझा उल्लेख 'तो' असा करायचे. मी हसले की स्वतःवरच चिडायचे."

सोमवारी दुपारी त्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. वरच्या खोलीतून सरांचा चढलेला आवाज आला. चिनी भाषेत. फोनवर असतील, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. मग धप्पकन आवाज झाला. धावत आत गेल्या तर सर जिन्याच्या तळाशी पडलेले आणि डोक्यातून रक्त. पुढचं दार दिवसा नेहमी असायचं तसंच, नुसतं लोटलेलं.

सर शुद्धीवर आले, पण इंग्रजी पुसली गेली होती. मेंदूला मार लागला की असं होऊ शकतं, डॉक्टर म्हणाले. कधी कधी बालपणीची भाषा तेवढी उरते. इस्पितळात चिनी कुणालाच येईना. तेव्हा सरांचा संशोधन सहायक धावून आला. सरांच्या तोंडाशी कान नेऊन त्याने ऐकलं आणि इन्स्पेक्टरला इंग्रजीत सांगितलं, 'सिस्टर-इन-लॉने मला ढकललं.' सर तेच पुन्हा पुन्हा बोलत होते. त्या दिवसापासून मावशींना वॉर्डात पाऊल टाकायची बंदी झाली. भाचा फोन उचलेना.

"त्यांच्या मनात तसं असेल तर मला शिक्षा झालेली चालेल," मावशी म्हणाल्या. "पण त्यांना तसं का वाटावं, ते मला कळलं पाहिजे."

इन्स्पेक्टर वहिनींना विमा कंपनीच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याने दोघांना वॉर्डात सोडलं.

सर उशीला टेकून डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. "साओझ... थुई वो." थोडं थांबून पुन्हा तेच. म्हणताना त्यांचं अंग किंचित मागेपुढे होई, आणि तोंडावर हसू असे.

"बिचारे," दीर कुजबुजले. "कशाला हसावं हेही उरलं नाही."

बाहेर पडताना वहिनींनी नर्सला विचारलं, भेटायला कोण कोण येतं. नर्स म्हणाली, बंदी फक्त त्या बाईंना आहे, पण मुलगा आणि सहायक यांच्याशिवाय कुणी फिरकलेलं नाही. लिफ्ट खाली येईपर्यंत वहिनी सरांचे ते शब्द ओठांतल्या ओठांत घोळवत राहिल्या.

मुलगा घरांचे आराखडे करत असे. त्याने दोघांना बसायलाही सांगितलं नाही. मावशीचं नाव निघताच कपाटातून त्याने वडिलांचं पहिलं पुस्तक काढून टेबलावर आपटलं. अर्पणपत्रिका इंग्रजीत होती, एका ओळीची: 'टू माय सिस्टर-इन-लॉ, विथ ग्रॅटिट्यूड.'

"आई जिवंत होती तेव्हा," तो म्हणाला. "आईने हसण्यावारी नेलं. मी लहान होतो, पण वाचता येत होतं मला."

"वडिलांना कधी विचारलं नाहीत?"

"त्यांना मी फारसं काहीच विचारलं नाही. त्यांची भाषाही शिकलो नाही. शाळेतली मुलं हसायची."

सोमवारी तो एका बांधकामावर एकटाच होता, म्हणजे साक्षीला कुणी नाही. वहिनी उठल्या तेव्हा त्याची नजर टेबलाच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे एक जुना फोन पडला होता, काच नवी बसवलेली. तो सरांचा होता. मुलाने रविवारीच दुरुस्तीला आणला होता. त्यांच्याकडे दुसरा फोन नव्हता आणि खोलीत संगणक ते ठेवत नसत. "हाक मारायला फोनही नव्हता त्यांच्यापाशी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच उतरला.

"हाच," गाडीत बसताच दीर म्हणाले. "वर्षानुवर्षांचा राग आहे, आणि साक्षीदार एकही नाही."

"सावकाश चालवा," वहिनी म्हणाल्या.

विद्यापीठात सहायक मात्र अगत्याने सामोरा आला. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. चिनी तो इथेच, वर्गात आणि पुस्तकांतून शिकला होता. सोमवारी दुपारी तो ग्रंथालयात होता. भिंतीवर त्याचं भलंमोठं पोस्टर होतं, येत्या परिषदेसाठी केलेलं. विषय नातेवाचक शब्दांचा. चिनीत मामा, काका, आत्याचा नवरा, सगळ्यांना वेगळे शब्द. इंग्रजीत सगळे अंकल. इथे स्थायिक झालेल्या चिनी म्हाताऱ्या बायकांकडून त्याने घरोघर जाऊन त्यांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत हकिगती मिळवल्या होत्या आणि पोस्टरभर छापल्या होत्या.

दीरांना त्या फार आवडल्या. ते मोठ्याने वाचू लागले. "'अंकल कम, ही ब्रिंग न्यू शूज. आंट व्हेरी अँग्री, शी नो टॉक थ्री डे.' काय गोड आहे."

त्यांनी आणखी पाच-सहा वाचल्या. वहिनी पोस्टरजवळ गेल्या आणि त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळ्या वाचल्या. मग विचारलं, या ऐकायला मिळतील का. सहायक म्हणाला, रेकॉर्डिंग यंत्र बिघडलं, हाताने उतरवून घेतलं तेवढंच उरलं. आणि सरांनीही ऐकायला कधी मागितलं नव्हतं.

चिनी भाषेच्या विभागप्रमुख बाई दोन खोल्या पलीकडे बसत. परदेशातल्या परिषदेहून त्या आदल्याच दिवशी परतल्या होत्या. सरांशी त्यांचं वैर जगजाहीर होतं.

"छापील वैर," त्या म्हणाल्या. "मी लिहायचं, त्यांनी खोडायचं. चहा मात्र रोज एकत्र."

"मग भेटायला गेला नाहीत?"

"डॉक्टरांनी कुणालाही आत सोडायचं नाही असं सांगितलंय ना? सहायकाने कळवलं मला."

दीरांनी तोंड उघडलं. वहिनींनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

सरांचं आणि त्यांचं शेवटचं बोलणं शनिवारी फोनवर झालं होतं. सर पोस्टरमुळे बेचैन होते. हकिगती सांगणाऱ्या बायका फार शुद्ध बोलतात, असं म्हणाले. मूळ रेकॉर्डिंग ऐकायला मागितलंय, ऐकलं की सविस्तर सांगतो, म्हणाले.

"शुद्ध?" दीर म्हणाले. "एक वाक्य सरळ नाही त्यात."

वहिनींनी मग साधेच प्रश्न विचारले. चिनी बोलताना तो आणि ती वेगळे कसे करतात? प्रमुख म्हणाल्या, लिहिताना करतात. कानाला दोन्ही एकच, 'था'. आणि क्रियापद काळाप्रमाणे बदलतं का? नाही, कधी घडलं ते संदर्भावरून किंवा एखाद्या जादा शब्दावरून ओळखायचं.

"उद्या सकाळी इस्पितळात या," वहिनी म्हणाल्या. "सरांच्या पहिल्या पुस्तकाची चिनी आवृत्ती असेल तर तीही आणा. आणि इकडे कुणाला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या खोलीत सगळे जमले. मुलगा खिडकीशी, मावशी दाराशी, दोघांची नजर एकमेकांकडे नाही. इन्स्पेक्टरने सहायकालाही बोलावलं होतं. विभागप्रमुख बाई आधीच आत गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या आणि सहायकाचा चेहरा उतरला.

"काय म्हणतात सर?" वहिनींनी विचारलं.

"साओझ, थुई वो. साओझ म्हणजे थोरल्या भावाची बायको."

"म्हणजे आपल्या भाषेत?"

"वहिनी," दीर हळूच म्हणाले.

"आणि बायकोची धाकटी बहीण?"

"तिला वेगळा शब्द आहे. श्याओ यीझ."

"इंग्रजीत दोघीही सिस्टर-इन-लॉ," सहायक घाईने म्हणाला. "माझं भाषांतर बरोबर आहे."

"बरोबरच आहे. म्हणूनच इतके दिवस टिकलं," वहिनी म्हणाल्या. "चिनीत दोन नाती आहेत, आपल्या भाषेतही दोन आहेत. मधे इंग्रजी आली आणि दोन्ही एकाच शब्दात गेली. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो शब्द आपल्या भाषेत आणला तेव्हा घरात मेहुणी एकच होती. आम्हालाही हा गोंधळ नवा नाही. परवा या बाईंनी भाऊजी म्हटलं आणि आमचे भाऊजी चहा टाकून बाहेर आले. तुमचं न कळत झालं असतं तर मी समजले असते. पण तुमचा विषयच तो. अंकलमध्ये किती नाती बुडतात हे तुम्ही भिंतभर छापलंय."

"मग ढकललं ते?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"थुई म्हणजे ढकलणं," प्रमुख म्हणाल्या. "पण ढकललं असंही होईल आणि ढकल असंही. सरांची आई लवकर गेली. त्यांना वहिनीने वाढवलं. आत्ता मी ऐकलं, ते तक्रार करत नाहीत. झोपाळ्यावर बसलेत ते. वहिनी, झोका दे, असं म्हणताहेत."

दीरांनी मान खाली घातली. ते हसू आणि ते डोलणं आता त्यांनाही कळलं.

वहिनी पुढे बोलू लागल्या. सोमवारी सर चिनीत बोलत होते, चढ्या आवाजात. फोन मुलाच्या टेबलावर होता, म्हणजे समोर माणूस होता, चिनी कळणारा. विभागप्रमुख बाई परदेशात होत्या, मुलाला भाषा येत नाही. चिनी जाणणारा उरला एकच. त्याने नंतर विभागप्रमुख बाईंना खोटी बंदी सांगून दूर ठेवलं, कारण त्यांनी एकदा ऐकलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं.

"पण भांडण कशावरून?" मुलाने विचारलं.

"त्या बायका फार शुद्ध बोलत होत्या. सर इतकी वर्षं इथे राहून मावशींना 'तो' म्हणायचे, कारण त्यांच्या कानाला तो आणि ती एकच. आणि पोस्टरवरच्या म्हाताऱ्यांना काळ येत नाही, वचन येत नाही, पण तो आणि ती एकदाही चुकत नाही. मी सगळं वाचलं. एकदाही नाही. ज्या पुस्तकांत तो आणि ती वेगळे लिहिलेले असतात, त्यांतून चिनी शिकलेल्या माणसाने ते इंग्रजी मोडलं होतं. त्या बायका कधी नव्हत्याच."

मग सहायक खाली बघत म्हणाला, की दोन-तीन म्हाताऱ्यांनी दार उघडलं नाही, पहिली हकिगत त्याने तेव्हा रचली आणि मग सोपं होत गेलं. सरांनी सोमवारी त्याला ओळीन् ओळ वाचून दाखवली. ते खाली निघाले, विभागात सांगायला. "मी बाही धरली. त्यांनी हिसका दिला. मी ढकललं नाही."

"आणि ते पडल्यावर?" मावशींनी विचारलं. इतक्या वेळात त्या पहिल्यांदाच बोलल्या.

"मी गेलो."

"मी अंगणातच होते. एक हाक मारायची होतीस."

इन्स्पेक्टर त्याला घेऊन गेला.

मुलगा अजून खिडकीशीच होता. त्याने प्रमुखांच्या हातातल्या चिनी पुस्तकाकडे बोट केलं. त्यांनी पहिलं पान उघडलं आणि अर्पणपत्रिका आपल्या भाषेत वाचली. "माझ्या वहिनीला. तिच्या हातचं खाऊन मी मोठा झालो."

"आईला हे माहीत होतं?"

"तिने मला कितीदा सांगितलं होतं त्या वहिनीबद्दल," मावशी म्हणाल्या. "तुला ते पुस्तक डाचतंय हे मला कधी कळलंच नाही रे."

मुलगा वॉर्डाच्या दाराशी गेला आणि ते उघडून धरलं. "चल, मावशी."

सर जागे होते. मावशींना पाहताच त्यांनी हात पुढे केला आणि काहीतरी विचारलं. सगळ्यांनी विभागप्रमुख बाईंकडे पाहिलं.

"इंग्रजीत मी याचं 'हाऊ आर यू' असं केलं असतं," त्या म्हणाल्या. "पण शब्द ते नाहीत. ते विचारताहेत, जेवलीस का?"

सोमवारपासून मावशींना घास गिळवला नव्हता. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि त्या पलंगाच्या कडेला बसल्या. मुलगा खाली गेला आणि तिघांचं जेवण घेऊन आला.