सालोमेचा नंबर लागला

भाषांतर ऐकायचा हेडफोन एकच उरला होता आणि त्याच्याकडे हात दोन गेले... एक माझा, एक त्याचा.

"घ्या तुम्ही," तो म्हणाला.

"नको, तुम्हीच घ्या."

"असंच करत बसलो तर सभा संपेल," असं म्हणून तो शेजारी बसला आणि हेडफोनची एक बाजू त्यानं माझ्या कानाशी धरली. दुसरी त्याच्या कानाशी. त्याच्या कोटाला ओल्या बर्फाचा वास येत होता.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या सरकारी शाळेचा तो जेवणाचा हॉल. लहानग्यांच्या बुटक्या बाकांवर आम्ही आईबाप गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. पुढे एक बाई इंग्रजीत हुशार मुलांच्या खास वर्गाची माहिती देत होत्या आणि आमच्या कानांत तीच स्पॅनिशमधून उतरत होती. बालवाडीच्या बाईंनी मुलाचं नाव सुचवायचं, मग चिठ्ठ्या टाकायच्या. जागा थोड्या.

"माझा मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही," मागून एक आई उठली. "बाईंना त्याची हुशारी दिसणार कशी?"

"आणि चिठ्ठ्याच टाकायच्या, तर हुशारी बघता कशाला?" कुणीतरी ओरडलं.

गलका झाला. त्यात तो हळूच म्हणाला, "तुमचं पोर हुशार आहे?"

"सालोमे चार वर्षांची आहे. रस्त्यावरच्या पाट्या वाचते. तुमचं?"

"सीसा काल अर्धा तास माझ्या बुटाशी बोलत होती. हुशार आहे की खुळी, अजून कळत नाही!"

मी इतकी हसले की पुढच्या आजोबांनी वळून पाहिलं.

त्याचं नाव फाउस्तो. इक्वेडोरचा, लिफ्ट दुरुस्त करणारा. सीसाची आई वेगळी होऊन शिकागोला गेलेली. मी कोलंबियाची योलिमा, दाताच्या दवाखान्यात काम करणारी. सालोमेच्या बाबांबद्दल त्यानं विचारलं नाही, म्हणूनच की काय, मी आपण होऊन सांगितलं... की ते आता नाहीत.

मग दर रविवारी बागेत भेटी होऊ लागल्या. मुली घसरगुंडीवर, आम्ही बाकावर, हातात त्यानं आणलेलं गरम मोरोचो. मक्याचं ते दूध मला फार गोड लागायचं, पण मी पेला रिकामा करायचे.

"चार वर्षांच्या पोरांत हुशार कोण, हे ठरवणारे आपण कोण?" तो म्हणायचा.

"मला शाळेत सगळे गरीब गाय म्हणायचे," मी एकदा म्हणाले. "गणितं पटापट सुटायची, पण कुणी बघितलंच नाही. सालोमेकडे कुणीतरी बघावं, एवढंच हवंय."

 तो माझ्याकडे बघत राहिला... मीच नजर वळवली.

वसंतात निकाल फोनवर आला. सालोमेचा नंबर लागला होता. दोन बस बदलून जावं लागेल अशा शाळेत. सीसाचा लागला नव्हता.

त्या रविवारी फाउस्तो आला नाही. पुढच्याही रविवारी नाही. मी ती शाळा पाहून आले. वर्ग छान होता, बाई छान होत्या. आमच्या गल्लीतलं मात्र एकही पोर तिथं नसणार होतं. हे सगळं मला ज्याच्याशी बोलायचं होतं, तोच गप्प.

शेवटी एका संध्याकाळी तो बागेतल्या बाकावर दिसला. मी तडक समोर जाऊन उभी राहिले.

"सीसाचा नंबर नाही लागला, म्हणून माझ्याशी बोलणं टाकलंत?"

त्यानं मान खाली घातली. "पहिले दोन दिवस... हो. हेवा वाटला. चार वर्षांच्या पोरीचा!"

"आणि नंतर?"

"नंतर हेवा गेला, पण बरं काही वाटेना. मी मनात ठरवून बसलो होतो, की सप्टेंबरात दोघी इथल्याच शाळेत जातील. रोज सकाळी त्या दारात तुम्ही दिसाल. केस ओले, बस गाठायच्या घाईत, माझ्यावर उगाच चिडलेल्या..." तो थांबला. "तेवढ्यासाठी मी मनात म्हणत होतो, नंबर दोघींचाही न लागो. असा माणूस कुठल्या तोंडानं अभिनंदन करणार?"

 मी विचारलं, "मग जागा सोडून देऊ म्हणता?"

"अजिबात नाही!" तो ताडकन उठला. "सालोमे तिथंच जाणार. सोडलीत तर मी खरंच बोलणार नाही."

मुली लांबून हाका मारत होत्या. दोघींनाही एकच झोका हवा होता.

"मी होकार कळवला," मी म्हणाले. "आज सकाळीच."

"छान केलंत." आवाज मात्र पडला होता त्याचा.

"फाउस्तो," मी म्हणाले, "मला भेटायला शाळेचं दारच लागतं का तुला?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. इतके महिने आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत आलो होतो.

"तुला?" त्यानं विचारलं.

"तुला."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं माझा हात हातात घेतला, अगदी हळू, जणू मी ओढून घेईन अशी भीती होती.

"नाही," तो म्हणाला. "तू कुठं असशील ते सांग. मी येईन."