चाळिसाव्याचा दगड

"लझहर त्या रात्री निघाला होता नुसता एक दगड आणायला," तैयबकाका म्हणाला. शेकोटीभोवतीची पोरं जवळ सरकली. "चार वर्षं झाली. फेब्रुवारीतला गुरुवार. त्याच्या थोरल्या भावाला, मुनजीला, जाऊन एकोणचाळीस दिवस झाले होते."

विहीर खोदताना मुनजीवर दरड कोसळली होती. वर दोर लझहरच्या हातात होता. उद्या चाळिसाव्याला सगळं गाव कबरीवर दुवा मागायला येणार, आणि दादाच्या उशाशी नुसत्या दोन विटा!

गावाबाहेर रोमन लोकांचं पडकं नगर होतं. तिथल्या मोडक्या चर्चमधली, जुन्या बिशपचं नाव कोरलेली एक फरशी त्यानं हेरून ठेवली होती. तिथला राखणदार तैयबकाकाच.

"मेलेल्याच्या अंगावरचं पांघरूण ओढतोस?" काकानं दुपारीच दटावलं होतं.

"तुझा बिशप दीड हजार वर्षं झोपलाय, काका. एका दगडावाचून काय अडलंय त्याचं?"

"आणि रात्री तुम्ही कुठं होता?" शेकोटीजवळच्या एका पोरानं डिवचलं.

"घोरत होतो. हस, हस. पुढचं लझहरनंच नंतर सांगितलं."

पहारीनं फरशी निघाली. गाढवाच्या गाडीवरून ती कबरस्तानात आली. रात्री साडेबाराला लझहरनं ती कबरीवर बसवली, कोरलेली अक्षरं खाली करून. हात झटकले. भावाच्या पायाशी बसून तो पोटभर रडला.

खालून टकटक झाली.

"दादा?"

"लझहर…"

आवाज मुनजीचाच. लझहरनं आनंदानं फरशीला कान लावला. "दादा, बोल! माझा हात निसटला रे… मी मुद्दाम सोडला नाही दोर!"

"जागा पुरत नाही, लझहर. कुणीतरी शेजारी येऊन पडलंय."

"कोण?"

"…बोलत नाही. गार आहे."

लझहरनं फरशी उपटली. गाडीत टाकली. गाढव पुढं पाऊल टाकेना. त्यानं ते मारून मारून नेलं. चर्चमध्ये फरशी होती तिथं बसवली. कान देऊन ऐकलं. काही नाही. हायसं वाटलं. तो वळला.

टक.

तो थांबला.

टक… टक.

"लझहर… इथं कुठं आणलंस मला?"

तैयबकाकानं शेकोटीतला निखारा आत सारला.

"पहाटे मी चर्चमध्ये गेलो तेव्हा तो नखांनी उकरत होता. बोटं रक्ताळलेली. फरशी बाजूला पडली होती. खाली काय, नुसता कातळ. बोलेना, ऐकेना. ओढतच कबरस्तानात नेला त्याला, दुव्यासाठी. त्याची आई आधीच येऊन उभी होती."

"मग?"

"मुनजीची कबर मी माझ्या हातानं भरली होती, पोरांनो. माती चांगली ठोकून, वर उंचवटा करून…"

"आणि?"

"रिकाम्या पोत्यासारखी हातभर खाली बसली होती."