राहून गेलेली हळद

गुरुशांत चार वर्षांच्या गुरम्माला घेऊन मंद्रूपला निघाला, तो तिथल्या आईच्या बंद घरातलं ज्वारीचं पोतं आणायला. चिंचोळीच्या कारखान्यातली नोकरी गेल्यापासून पोर दिवसभर त्याच्याकडेच असायची. बायको, श्रीदेवी, सात रस्ता चौकातल्या दुकानात कामाला जायची. निघताना ती हळूच म्हणाली, "तुमच्या आईचं नाव हाय तिला. हात उचलू नका."

माणूस तसा वाईट नव्हता हो. पण बाहेर कुणी बोललं की मान खाली घालायचा आणि घरी येऊन वड्याचं तेल वांग्यावर काढायचा. एवढ्याशा पोरीनं मोठ्या माणसासारखं गप्प बसावं, सांडू नये, हट्ट करू नये, असं त्याला मनापासून वाटे. त्याच्या आईनं त्याला तसंच वाढवलं होतं, फोकानं. पोरीला मारून झाल्यावर रडायचाही तोच.

कुलूप काढलं. आत भरदुपारीही अंधार, कोंदट मातीचा वास. तहानलेल्या गुरम्मानं पाण्याची बाटली उघडली आणि सगळी पोत्यावर सांडली. फाडकन आवाज झाला. आपला हात उठला हे गुरुशांतला नंतर कळलं.

पोर रडली नाही. उठून आतल्या स्वयंपाकघरात गेली. मग तिकडून पुटपुटणं ऐकू आलं... बाईमाणसाचं.

"गुरम्मा... कोण हाय तितं?"

ती बाहेर आली. गालावर ओली हळद होती, कोमट तेलात कालवलेली. आई गेल्यापासून त्या घरात चूल पेटली नव्हती.

"आज्जीनं लावली."

"काय... म्हणली?"

"आप्पाला पण लावायची हाय म्हणली. लहानपणी राहिली म्हणं."

गुरुशांत मटकन खाली बसला. लहानपणी मार खाऊन पडल्यावर त्यानं एवढीच तर वाट पाहिली होती. एवढा बाप्या माणूस, ओंजळीत तोंड लपवून ओक्साबोक्शी रडू लागला. सदऱ्याच्या आत, पाठीवर, एक तळवा हळूहळू फिरू लागला. पोरीचाच असणार, त्याला वाटलं.

"बास, गुरम्मा. परत हात न्हाई लावणार तुला. आईशप्पत."

त्यानं डोळे उघडले. गुरम्मा समोर उभी होती, दोन्ही हातांनी आपला गाल धरून.

"आप्पा," ती दबकत म्हणाली, "आज्जी रडायलीय. मेल्यावर लावली तर दुखायचं थांबत न्हाई म्हणती..."

पाठीवरचा थंडगार हात मात्र चोळतच राहिला, घाईघाईनं, एकेक जुना वळ शोधत.