मठाच्या भिंतीवरचा क्रूस

शौकतची बायको लाइबा आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. "रुमानाआपा, संध्याकाळच्या विमानानं शौकतला गावी घालवतायत. मठाचा क्रूस त्यानं पाडला म्हणे."

रुमाना पारकर सौदीतल्या खफजी शहरात खाजगी तपास करी. नवरा बदरुद्दीन गाडी चालवी. डोकं चालवायची पाळी त्याच्यावर सहसा येत नसे.

शहराबाहेरच्या वाळूत हजारेक वर्षांपूर्वीच्या ख्रिस्ती मठाचं चर्च निघालं होतं. राजापूरचा गवंडी शौकत त्याच्या भिंती सावरत होता. काल पूर्वेच्या भिंतीवरचा गिलाव्यातला क्रूस निखळला. खाली ढिगारा, मागे राखाडी सिमेंटचं थिगळ.

"जुन्या भिंतीला सिमेंट म्हणजे विष," ती मठावर पोचताच जागेचा अधिकारी इमाद म्हणाला. "इथं चुनाच वापरायचा. आणि डागडुजी शौकतचीच."

शौकत मान खाली घालून बसला होता. "मी चुन्यात गूळ-हिरड्याचं पाणी घालतो, आपा. तेही प्यायच्या बाटल्यांतलं. बोअरचं खारं पाणी भिंत खातं."

"आणि क्रुसामागची भेग?"

"तिला हात लावला नव्हता. चुना वाळायला वेळ हवा, आणि मठ बघायला बडे पाहुणे तर पंधरा दिवसांत यायचे होते."

इंजिनियर राहील शौकतच्याच वाडीतला. त्यानंच त्याला इथं आणलं होतं. "चुकला बिचारा," तो म्हणाला.

"बोअरचं पाणी घेतलं असेल का रे त्यानं?"

"छे. बोअरला कुलूप असतं. किल्ली माझ्या कमरेला, कुणाला देत नाही."

उत्तरेच्या भिंतीच्या, शौकतनं केलेल्या ताज्या डागडुजीला टेकलेला बदरुद्दीन पाठ झाडत उठला. "मुंग्या आहेत इथं."

"टेकायला कुणी सांगितलं होतं?" रुमाना पूर्वेच्या भिंतीकडे गेली. सिमेंटवरची पांढरी पूड तिनं बोटानं जिभेला लावली.

"अगं, काय चाटतेस?"

तिनं सगळ्यांना तिथंच बोलावलं.

"शौकतच्या चुन्याला गुळापायी मुंग्या लागल्यात. या थिगळावर एकही नाही. हे त्याच्या हातचं नव्हे."

"मुंग्यांवरून ठरवायचं?" इमादनं विचारलं.

"मुंग्यांवरून तो सुटला. मिठावरून दुसरा सापडला. चाखून बघा, साहेब. हे बोअरच्या पाण्यात कालवलंय. मीठ फुगलं, गिलावा सुटला. बोअरची किल्ली कुणाच्या कमरेला, ते त्यानं स्वतःच सांगितलंय."

राहीलचा हात कमरेच्या किल्लीकडे गेला. "पाहुण्यांना भेग दिसली असती तर माझी नोकरी गेली असती."

"म्हणून याची घालवलीस?"

इमादनं फोन लावला. "शौकतचं जाणं रद्द. खलास."

लाइबानं हसून शौकतकडे पाहिलं. शौकत मात्र ढिगाऱ्यातले क्रुसाचे तुकडे वेचत होता.

"आपा, मी राहिलो," तो म्हणाला. "पण राहीलची आई आमच्या शेजारी राहते. तिला फोन कोण करणार?"