एका लयीतली माणसं

नागपुरातल्या 'सहस्पंद' या सामायिक कार्यालयाचं मुख्य दालन वरच्या नियंत्रणकक्षाच्या काचेतून सगळंच्या सगळं दिसायचं. डॉ. शाल्मली खानझोडे काचेशी उभी राहून नव्या सहकाऱ्याला ते दाखवत होती. नवं घर दाखवताना माणसाच्या आवाजात येतं तसलं कौतुक तिच्या आवाजात होतं.

"इथे कुणीच कुणाच्या कंपनीत नाही," ती म्हणाली. "तो घरांचे नकाशे काढतो, ती जाहिराती लिहिते, पलीकडचे बोधनकर परदेशी गिऱ्हाइकांना करांचा सल्ला देतात. एरवी अशा ठिकाणी माणसं वर्षभर शेजारी बसतात आणि एकमेकांचं नावही विचारत नाहीत. इथे मात्र गेल्या महिन्यात जाहिरातवाल्या पोरीचे वडील आजारी पडले, तर निम्मं दालन रुग्णालयात जाऊन बसलं होतं."

हा नवा सहकारी, डॉ. अन्वर काझी, जीवभौतिकीचा अभ्यासक होता. तो खालच्या माणसांपेक्षा समोरच्या पडद्याकडे जास्त बघत होता. तिथे प्रत्येक खुर्चीची एकेक रेषा होती आणि त्या साऱ्या रेषा पिकावरून वारा जावा तशा एकदमच वाकत, एकदमच सरळ होत होत्या.

"हे हृदयाचे ठोके?"

"ठोके आणि श्वास. यंत्रणा माझी, नाव लयसेतू. जमिनीखाली कंपनपट्ट्या आहेत. त्यांचा कंप पायांना जाणवतही नाही, पण शरीर तो ओळखतं. दिव्यांचा उजेड आणि हवेचा झोत त्याच तालावर किंचित कमीजास्त होतात. पाऊण तासात सगळ्यांची हृदयं एका लयीत येतात. एकत्र गाणाऱ्यांचं, एकत्र वल्ही मारणाऱ्यांचं हेच होतं. समोरच्याची लय आपल्याशी जुळली की मेंदू एकच अर्थ लावतो, हा आपला माणूस."

"सभासदांना हे ठाऊक आहे?"

"आरोग्यदायी वातावरणासाठी उपकरणं आहेत, एवढं ठाऊक आहे. जास्त सांगितलं तर माणूस आपल्याच छातीकडे कान लावून बसेल."

अन्वर म्हणाला, "मॅडम, आणि एखाद्याची लय जुळलीच नाही तर मेंदू काय अर्थ लावतो?"

"जुळते. सगळ्यांची जुळते," शाल्मली म्हणाली आणि त्याला चहाला घेऊन गेली.

कुमुद धोके दालनात आली ती त्यानंतर काही आठवड्यांनी. ती शाल्मलीची अमरावतीच्या वसतिगृहातली मैत्रीण. चार वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या होत्या. कुमुद मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. मोठ्या आजारपणातून उठली होती, घरी एकटीला करमत नव्हतं. शाल्मलीनेच तिला बोलावलं. "तू फक्त ये. महिनाभरात तुला पन्नास नातेवाईक मिळतील."

पहिल्याच दिवशी कुमुदने दालनाच्या मधोमध उभं राहून वर काचेकडे हात हलवला आणि अस्सल वऱ्हाडीत हाक मारली, "काय वं शाले, तिथं काऊन लपून बसली?" त्या वेळी शाल्मलीशेजारी गुंतवणूकदार संस्थेचे दोघे उभे होते. ते हसले. शाल्मलीही हसली, पण तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

पुढे झालं त्याचं कारण मात्र कुणालाच सांगता आलं नसतं. कुमुद डबा घेऊन लांबड्या टेबलाशी बसली की एकेक जण काही ना काही निमित्त काढून उठायचा. तिने काढलेली चित्रं माणसं बघायची, छान म्हणायची, आणि नजर चोरायची. ती बोलली की इतरांच्या कपाळावर आठी येई. बोधनकर स्वभावाने सज्जन गृहस्थ, पण तेही एक दिवस वर आले.

"मला सांगताना लाज वाटते, डॉक्टर. बाई वाईट नाहीत. पण त्या आत आल्या की जेवताना दाताखाली खडा यावा तसं होतं. सगळ्यांनाच होतं. त्यांना दुसरीकडे बसवता येईल का?"

शाल्मलीने कुमुदचं टेबल मागच्या दाराजवळ, पाण्याच्या यंत्रापाशी हलवलं. तिथे उजेड जास्त आहे, असं तिला सांगितलं. चित्रकार असलेल्या कुमुदला उजेड कळत होता. तिने आपले रंगांचे डबे उचलून तिकडे नेले. दालनाच्या वर्धापनदिनाच्या जेवणाचा निरोप सगळ्यांना गेला, तिला गेला नाही. तो पाठवणं शाल्मलीकडेच होतं.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी कुमुद जिना चढून नियंत्रणकक्षात आली. जिन्याने तिला धाप लागली होती.

"शालू, माझं काही चुकतंय का? तू खरं सांग. मला राग येणार नाही."

शाल्मलीने मान वर न करता सांगितलं, "चुकत नाही गं. पण तुझ्यात काहीतरी आहे, माणसं लांबच राहतात. सगळ्यांना तसं वाटतं म्हणजे त्यात काही असणारच ना? तू घरूनच काम केलेलं बरं."

कुमुद "बरं" म्हणून खाली गेली, रंगांचे डबे पिशवीत भरले आणि मागच्याच दाराने निघून गेली. दालनातल्या एकानेही मान वळवली नाही. वरून बघताना शाल्मलीला हायसं वाटलं.

अन्वरने आपला जुना प्रश्न पुन्हा काढला तो त्याच आठवड्यात. त्याने पडद्यावर जुन्या रेषा काढल्या. सगळ्या रेषा एकत्र वाकत होत्या, आणि त्यांच्यामधून एक रेषा पट्टीने आखल्यासारखी चालली होती.

"ही खुर्ची कुणाची?"

"कुमुदची," शाल्मली म्हणाली.

"यांच्या छातीत स्पंदक बसवलाय का? पेसमेकर?"

शाल्मलीला एकेक आठवू लागलं. मोठं आजारपण. जिन्याची धाप. मैत्रिणीला काय झालं होतं हे तिने विचारलंच नव्हतं.

"त्यांचं स्वतःचं हृदय ताल धरतच नसणार," अन्वर म्हणाला. "बसल्या जागी स्पंदक नेमून दिलेल्या गतीने ठोका देतो. लयसेतूने कितीही ओढलं तरी तो ताल बदलणार नाही. जिची लय जुळते ती आपली, हे तुम्ही या माणसांच्या मेंदूला रोज आठ तास शिकवलंत. मग जिची जुळत नाही ती परकी, हे त्याच शिकवणीत आलं. वेगळं शिकवावं लागलं नाही."

शाल्मली खुर्चीत बसली. शरमेने तिला वर बघवेना. आणि त्या शरमेच्या तळाशी एक सुटकाही होती, हेही तिला जाणवलं. म्हणजे हे यंत्राने केलं. बोधनकरांनी नाही, कुणीच नाही.

"उपाय आहे," अन्वर म्हणाला. "त्यांची लय बदलता येत नाही, दालनाची येते. त्यांच्या स्पंदकाची गती हाच लयसेतूचा मूळ ताल ठेवायचा. पण त्यांना सगळं सांगून, आणि त्या हो म्हणाल्या तरच."

शाल्मलीने कुमुदच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. यंत्र, लय, स्पंदक, अन्वरचा उपाय, काहीच लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आम्ही सगळेच त्याच्या अमलाखाली होतो, कुमुद. मीसुद्धा."

कुमुदने विचारलं, "म्हणजे तू ते बोललीस ते तुझं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग येते," कुमुद म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

ती परत आली त्या दिवशी अर्धा-पाऊण तास कुणी काही बोललं नाही. मग जाहिरातवाली मुलगी उठून तिच्या टेबलाशी गेली. पाठोपाठ बोधनकर गेले आणि दोन्ही हात जोडून उभे राहिले. दुपारपर्यंत तिचं टेबल दालनाच्या मधोमध आलं होतं, लोक स्वतःच ते उचलून घेऊन आले. कुणी तिच्या हातातला कुंचला बघत होतं, कुणी आपल्या डब्यातली भाजी तिच्या ताटात वाढत होतं. काहींचे डोळे ओले होते. कुमुद मोठ्याने हसली. मग तिने वर काचेकडे हात हलवून हाक मारली, "शाले, ये ना वं खाली!"

शाल्मलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिने मनाशी थोडी वाट पाहिली. आता माया दाटून येईल, आता हसू फुटेल. काहीच झालं नाही. त्या हसण्याने, त्या हाकेने, भरल्या दालनात वसतिगृहातली शाली पुन्हा उघडी पडल्याने ती पूर्वीसारखीच आक्रसली.

"अन्वर, माझी लय अजून नव्या तालावर का येत नाही? वेळ लागतो का?"

अन्वरने गोंधळून तिच्याकडे पाहिलं. "तुमची कशी येईल, मॅडम? हा कक्ष स्वतंत्र खांबांवर आहे, इथली हवा वेगळी, दिवे वेगळे. निरीक्षकावर परिणाम झाला तर निरीक्षण कसलं? आराखडा तुमचाच आहे." तो सहजपणे पुढे म्हणाला, "तुम्ही त्या लयीत कधी नव्हताच."

तिला हे माहीत होतं. ते खांब तिने स्वतः आखले होते. कुमुदच्या घरी बसून "मीसुद्धा" म्हणताना तिने ते स्वतःला आठवू दिले नव्हते, एवढंच.

ती जिना उतरून दालनाच्या दाराशी आली. उंबऱ्यापलीकडे कंपनपट्ट्या सुरू होत होत्या. आत पाऊल टाकलं की पाऊण तासात कुमुद तिलाही जिवाभावाची वाटू लागली असती, आणि छातीतलं हे ओझंही उतरलं असतं. सोपं होतं. फारच सोपं होतं.

"कुमुद," ती दारातूनच म्हणाली, "जरा बाहेर येतेस?"

कुमुद आली. बाहेरच्या साध्या फरशीवर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"मी खोटं बोलले," शाल्मली म्हणाली. "यंत्र माझ्यापर्यंत पोचतच नाही. मी जे केलं, ते टेबल, तो निरोप, ते बोलणं, सगळं माझ्या मनाने केलं. त्या पाहुण्यांसमोर तू मला शाली म्हणालीस, त्याची मला लाज वाटली. आजही वाटली."

कुमुदच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. विझवायला विसरलेल्या दिव्यासारखं ते थोडा वेळ तसंच राहिलं. आतून कुणीतरी तिला हाक मारली, भाजी गार होतेय म्हणून. ती वळली, दोन पावलं गेली, आणि दाराशी थांबली.

"आत सगळे माझ्यावर जीव टाकतात," ती म्हणाली. "तो यंत्राचा आहे, हे मला ठाऊक आहे. आधी त्यांनी मला टाकलं, तेही यंत्राचंच होतं." तिने शाल्मलीकडे शांतपणे पाहिलं. "म्हणजे एवढ्या माणसांत माझ्याशी आपल्या मनाने वागलेली तू एकटीच गं."

ती आत गेली. तिला जागा करून द्यायला टेबलाभोवतीचे सगळे एकदम सरकले.