विसावी मंजुश्री

बीबी गावाच्या पुढे पाच किलोमीटरवर आमची वस्तीवरची शाळा आहे. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून मी तिथं कंत्राटी शिक्षिका झाले. पटावर वीस मुलं, वर्गात एकोणीस. पट विसाच्या आत गेला तर शाळा बंद, मग या लेकरांनी रोज बीबीपर्यंत पायी जायचं. म्हणून मुख्याध्यापक रंगराव सरांनी एक मुलगी मनानंच लिहून टाकली. मंजुश्री. थाप मारायची तर वस्तीत खपेल असं नाव घ्यावं, तेवढीही अक्कल नव्हती.

त्यात वरून हुकूम आला : अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर घ्या, शंभर टक्के प्रतिसाद दाखवा. गटात सर रोज सकाळी गुलाबाची फुलं टाकत, पालक हात जोडत. याला म्हणे शिक्षण. मंजुश्रीच्या नावानं सरांचा जुना मोबाइल गटात होता. कुठलाही प्रश्न विचारा, तिचा नुसता अंगठा.

डिसेंबरात मी हरभरा ओल्या फडक्यात ठेवून कोंब रोज मोजायला सांगितला. एकोणीस जणांनी एकमेकांचं बघून ‘दोन सेंमी’ पाठवलं. मंजुश्रीचा फोटो आला, पट्टीसकट. १.७. दुसऱ्या दिवशी २.४. तिसऱ्या दिवशी ३.०, खाली टीप : ‘थंडीमुळे कमी वाढला.’ मला हसू आलं. सरांना पट्टीवरचं शून्य कुठं असतं तेही ठाऊक नव्हतं. पुतण्याकडून करून घेत असणार.

“सर, मंजुश्रीचं नाटक पुरे करा आता,” मी म्हणाले.

“काऊन हो मॅडम, थट्टा करून राह्यल्या का? मले वाटलं, तुम्हीच पाठवता.” त्यांनी कपाटातून मोबाइल काढला. “हा तं पोळ्यापासून बंद पडेल हाय.”

बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं.

तेवढ्यात माझ्या हातातला मोबाइल वाजला. मंजुश्री. ३.९.

गुरुवारी पट तपासायला साहेब आले. असल्या खोट्यावर चालण्यापेक्षा शाळा बंद झालेली बरी, सगळं सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं. साहेब स्वतः हजेरी घेऊ लागले. मी दाराशी उभी राहून डोकी मोजली. एकोणीस.

“मंजुश्री.”

मी तोंड उघडलं.

उत्तर आलं नाही. साहेबांनी मात्र मान वर केली, मागच्या रांगेकडं पाहिलं आणि वहीत खूण केली.

मी पुन्हा मोजलं. एकोणीस.

जीपमध्ये बसताना साहेब म्हणाले, “वीसच्या वीस हजर. राह्यली तुमची शाळा. पण मॅडम, ते शेवटची पोरगी भिंतीकडं तोंड करून काऊन बसते?”

रंगराव सर माझ्याकडं बघत होते.

“लाजते,” मी म्हणाले.