बर्फाचा कारखाना आणि कोणी न घेतलेले रोखे

सन २०४९. आमच्या कोळीवाड्यात एक कोडं पडलं होतं. सरकारने व्याज वाढवलं, कर माफ केला, तरी ‘हरित रोखे’ (पर्यावरणाच्याच कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज, मुदत संपली की व्याजासकट परत) कोणी घेईना. त्या पैशांतून उन्हावर चालणारा बर्फाचा कारखाना व्हायचा होता.

मी देवयानी. मला त्या कारखान्याची सगळ्यांत जास्त घाई होती. बर्फ नाही म्हणून मासळी नासायची, म्हणून बाबा दोन वर्षांपूर्वी लांबच्या बंदरावर कामाला गेले. शेजारची जुईलीही घरच्यांबरोबर गेली. पाचवीच्या वर्गात मी एकटीच उरले. एकटीने लगोरी खेळून बघा, म्हणजे कळेल.

रोखे विकायला बँकेने यंत्रमानव धाडला होता, त्याचं नाव सोबती. दिवसभर धक्क्यावर उभा, पण कोणी ढुंकून बघत नसे. म्हणून त्याच्याशी मीच बोलायचे. एकदा तो म्हणाला, इथल्या लोकांना पर्यावरणाची पर्वा नसावी. मला रागच आला. कोणाकोणाला विचारलंस, म्हटलं. तर म्हणे, प्रत्येक घरातल्या कर्त्या पुरुषाला फोनवर संदेश पाठवलाय.

“अरे शहाण्या, पुरुष समुद्रावर असतात. मासळी बाया विकतात आणि पैसाही त्यांच्याच हातात असतो. माझ्या आईला विचारलंस का?”

दुसऱ्या दिवशी सोबती बाजारात आला. बायांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. पैसा नक्की कुठे जाणार? कारखाना कोण चालवणार? सोबतीने सगळे प्रश्न बँकेला कळवले आणि दोन महिन्यांत धोरण (काम कसं करायचं याचे ठरवलेले नियम) बदललं. रोखे लहान झाले, बायांच्या नावावर मिळू लागले. खर्चाचा फलक बाजारात लागला. समितीत निम्म्या बाया आल्या. व्याज मात्र होतं तेवढंच राहिलं, तरी महिन्याभरात रोखे संपले.

मग सोबतीने मला समजावलं. नुसता फायदा दाखवला की लोक लांबून बघतात. पैसा कुठे जातो ते दिसलं, ठरवताना आपलंही मत घेतलं, की काम आपलं वाटतं आणि लोक पुढे येतात. आधी या रोख्यांना ‘सरकारी थापा’ म्हणणारी मासळीवाली शेवंतामावशी आता पाया आखणाऱ्या गवंड्यालाच दटावते.

मी बाबांना फोन केला. आई समितीत आहे हे त्यांना सांगितलं.

“येतो गं बाय,” ते म्हणाले. “बर्फ व्हायची वाट कशाला बघू? पाया खणायला माणसं लागतील.”

मला रडू आलं. बाबा यायला अजून सतरा दिवस आहेत. तोवर लगोरी मी एकटीच खेळणार.